देशावर प्रेम करणाऱ्याला काय म्हणावे?

वज्रेश्वरी परिसरातील एका शाळेने स्वातंत्र्यदिनाच्या वक्तृत्वस्पर्धेसाठी मला परीक्षक म्हणून बोलाविले होते. आठवीतील एक मुलगी तानसाच्या पाण्यावर बोलली. १८९२ पासून तानसा तलाव मुंबईची तहान भागवितो आणि शहापूर तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हे स्वातंत्र्य कोणाचे, असा तिचा सवाल होता. सर्वांत सरस भाषण तिचेच. परंतु सहपरीक्षक म्हणाले, "सर, पारितोषिकाचे नाव 'राष्ट्रभक्त विद्यार्थी' आहे. हे भाषण त्यात बसत नाही." पारितोषिक दुसरीकडे गेले.

गृहस्थांचे एका अर्थी बरोबरच होते. त्या विशेषणात ते भाषण खरोखरच बसत नव्हते. म्हणून दोष विशेषणाचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

भक्ती म्हणजे काय, हे या गावाला शिकवावयास नको. वसई हाती आली तर देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी येथील देवीला बोलल्याचे सांगतात. १७३९ साली वसई जिंकली गेली आणि पुढे किल्ल्यासारख्या तटाचे हे देऊळ उभे राहिले. भक्ताने मागावे, देवीने द्यावे. न दिल्यास भक्ताने उणीव स्वतःत शोधावी. देवीपुढे हे शोभते. देशाशी असलेल्या नात्यात मात्र हिशेब मागावाच लागतो. दादाभाई नौरोजींनी १८६७-६८ या वर्षासाठी हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न २० रुपये काढले, तेव्हा ते देशाची आरती करीत नव्हते, ताळेबंद मांडीत होते. १९०१ सालच्या ग्रंथाच्या नावातच त्यांनी येथील ब्रिटिश राज्याला 'अन्‌-ब्रिटिश' म्हटले. विशेषण नेमके निवडले की ते केवढे काम करते पाहा!

आणि साने गुरुजी? मे १९४७ मध्ये, स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना, पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून ते उपोषणाला बसले. आपल्याच समाजाला त्यांनी शरमिंदे केले. त्यांनाही आमच्या सहपरीक्षकांनी कमीच गुण दिले असते.

म्हणून मला 'देशप्रेमी' हा शब्द अधिक पसंत आहे. तो मिळमिळीत वाटतो, हे कबूल. पण प्रेमात रुसवा बसतो, खरडपट्टीही बसते. (आमच्या कोकणात 'देश' म्हणजे घाटावरचा मुलूख, ही अडचण राहतेच, ती सोसण्यासारखी आहे.) स्पॅनिश भाषा याबाबतीत आपल्याहून सावध निघाली. देशप्रेमाच्या कृतीला ती 'पात्रिओतिको' म्हणते, आणि देशप्रेमाचा वेळीअवेळी डांगोरा पिटणाऱ्यासाठी 'पात्रिओतेरो' हे कुत्सित विशेषण वेगळे राखते. मराठीत इतके नेमके एकपदी विशेषण मला सापडलेले नाही. परिणामी डांगोरा पिटणारा आणि झिजणारा एकाच उपाधीने मिरवतात, आणि बहुधा पहिलाच पुढे असतो.

हा शब्दच्छल नव्हे. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली ती राजद्रोहासाठी. राज्य निराळे, देश निराळा, ही फट त्या शब्दात तरी शिल्लक होती. राजद्रोही ठरलेला माणूस देशाभिमानी म्हणून मिरवू शकत होता. २०२३ साली नवी न्यायसंहिता मांडताना केंद्रीय गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की, राजद्रोहाच्या जागी आता देशद्रोह आणला आहे. सरकारवरील टीका गुन्हा ठरणार नाही, असा त्यांचा खुलासा होता. परंतु कायद्याबाहेर, चावडीवर आणि शाळेच्या व्यासपीठावर, ही फट बुजत चालली आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगली सोसलेल्या भिवंडीत या शब्दांची किंमत कोणाला मोजावी लागते, हे यंत्रमागावर काम करणाऱ्या कोणत्याही मोमिनाला विचारावे. त्याची परीक्षा ऑगस्टपुरती नसते.

पुढील वर्षापासून पारितोषिकाचे नाव 'देशप्रेमी विद्यार्थी' असावे, आणि तानसावरील ते भाषण शाळेच्या हस्तलिखितात घ्यावे, असे पत्र मी मुख्याध्यापकांना दिले आहे. उत्तर यावयाचे आहे.