पहिली काठी आजच्या मापाची



आपल्या व्यापारी घरांत मुलांसाठी कोणतीही वस्तू घेताना दोन शब्द हमखास उच्चारले जातात : ‘वाढत्या मापाची’. गणवेश, बूट, सायकल, सारे काही दोन वर्षे पुरले पाहिजे. या काटकसरीत गैर काहीच नाही. तिच्यावरच आपल्या पेढ्या उभ्या राहिल्या. परंतु हॉकीची पहिली काठी घेताना हा हिशेब चुकतो, हे मी स्वानुभवाने शिकलो.

माझा मुलगा पाचवीत असताना त्याने हॉकी खेळण्याचा हट्ट धरला. मी पडलो बँकेतला माणूस. किंमत आणि टिकाऊपणा यांचा भागाकार करून मोठ्या माणसाची साडेछत्तीस इंची काठी आणली. दोन महिन्यांत ती माळ्यावर गेली. ‘पोराला गोडीच नव्हती,’ असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो. पै न् पै वसूल करायला निघालो आणि सारी रक्कम बुडीत खाती गेली.

यंदा नातीने तोच हट्ट धरला, तेव्हा मुलगा शांतपणे म्हणाला, “पप्पा, मला खेळ आवडत होता. काठी पेलत नव्हती.” इतक्या वर्षांत मी त्याला कधी विचारलेच नव्हते. म्हणून या वेळी नातीला सोबत घेऊनच दुकानात गेलो. तेथे जे समजले, ते आपल्या उपयोगी पडावे.

मुलाला बूट घालून सरळ उभे करावे आणि काठी पायालगत उभी धरावी. तिचे वरचे टोक कमरेच्या हाडापर्यंत यावे. चार फूट उंचीच्या मुलाला साधारण 28 ते 30 इंची, पाच फुटांच्या मुलाला 34 ते 35 इंची काठी लागते. मग गुडघे वाकवून खेळण्याच्या पवित्र्यात उभे करावे. काठीचे टोक पोटाला टोचत असेल, तर ती लांब आहे. शेवटी काठी एकट्या डाव्या हाताने समोर आडवी धरायला सांगावे. हात लगेच खाली झुकला, तर ती जड आहे. नियमानुसार काठीचे वजन 737 ग्रॅमपर्यंत चालते. परंतु ती कमाल मर्यादा आहे, लहान मुलासाठीचे माप नव्हे. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल पारखणारा शेतकरी खोंडाच्या मानेवर थोरल्या बैलाचे जू कधी ठेवत नाही. आपण मात्र मुलांच्या बाबतीत ते सहज करतो.

डावखुऱ्या मुलासाठी वेगळी काठी शोधू नये. हॉकीत चेंडू काठीच्या सपाट बाजूनेच खेळायचा असतो आणि ती बाजू सर्वांना सारखीच. डावा हात वर, उजवा खाली, हीच पकड सर्वांची.

महागड्या कार्बनच्या काठीचीही घाई नको. तिला चेंडू लागला की तो जोरात उसळतो आणि नवख्याला आवरत नाही. जालंधर, मीरतकडची साधी लाकडी किंवा फायबरची काठी शिकण्यास पुरेशी आहे. वाचलेल्या पैशांतून नडगीचे शिनगार्ड आणि दातांचे माउथगार्ड मात्र अवश्य घ्यावे. आपल्या पुण्याजवळच्या खडकीत वाढलेले धनराज पिल्ले लहानपणी मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन खेळले. पुढे ते 1992 ते 2004 या काळात चार ऑलिम्पिक खेळले, आणि 1998 साली त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. काठीची किंमत खेळाडू घडवत नाही.

आपल्या दृष्टीने आणखी एक गोष्ट मोलाची आहे. क्रिकेटचा चेंडू चामड्याचा असतो, बॅडमिंटनच्या फुलात अनेकदा पक्ष्यांची पिसे असतात. हॉकीचा चेंडू आता प्लास्टिकचा मिळतो. काठीच्या मुठीवरची पट्टी आणि बूट घेताना तेवढे ‘चामडे नाही ना?’ असे विचारून घ्यावे.

उंची वाढली की काठी बदलावी लागेल, हा खर्च खराच. त्यावरचा उपाय आपल्या धर्मातच आहे. लहान झालेली काठी धाकट्या भावंडाला द्यावी, नाही तर संघातील किंवा शाळेतील दुसऱ्या मुलाला. वापरातली वस्तू पुढे गेली तर ते दान, माळ्यावर पडून राहिली तर तो परिग्रह.

नातीला 30 इंची काठी घेतली. माळ्यावरची काठी मुलाने स्वतः उतरवली, पुसली आणि गावातील एका महाविद्यालयीन खेळाडूला दिली. देण्यापूर्वी अंगणात चार चेंडू मात्र तो मारून आला.