नकाशात न मावणारी गावे

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर कोसळला आणि ८०हून अधिक माणसे गेली. दोन वर्षांनी खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नसल्याचे विधिमंडळात सांगण्यात आले. २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते येथे माणसे गाडली गेल्याचा अनुभव जिल्ह्याच्या गाठीशी होता, तरीही.

यात हलगर्जी किती, हा वेगळा प्रश्न. पण नकाशालाही मर्यादा असते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा राष्ट्रीय दरडप्रवणता नकाशा १:५०,००० प्रमाणाचा आहे; त्यातला एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. पस्तीसेक घरांची वाडी तिथे जेमतेम ठिपका.

मोठ्या नकाशात लहान वस्ती हरवण्याचा हा पेच कॅरिबियन बेटांनाही छळतो आहे. तिथे संकट दरडीचे नाही, समुद्रशेवाळाचे. २०११पासून सारगॅसम हे तरंगते तपकिरी शेवाळ लाटांबरोबर किनाऱ्यांवर ढिगांनी येते. जून २०१८ मध्ये आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत त्याचा ८,८५० किलोमीटर लांबीचा पट्टा उपग्रहांना दिसला. वजन अंदाजे दोन कोटी टन. किनाऱ्यावर पडलेले शेवाळ दोनेक दिवसांत कुजू लागते आणि हायड्रोजन सल्फाइड व अमोनिया सुटतात. डोळे चुरचुरणे, डोकेदुखी, मळमळ, धाप अशा तक्रारी घेऊन त्याच वर्षी मार्टिनिक आणि ग्वाडेलूप या दोन बेटांवर ११,०००हून अधिक रुग्ण डॉक्टरांकडे आले.

खुल्या समुद्रातला पट्टा दाखवणाऱ्या या उपग्रह-नकाशांचा एक चौकोन साधारण एक किलोमीटरचा असतो. पट्टा कुठे सरकतो आहे ते त्यात कळते. कोणत्या कोळीवाड्यापुढे ढीग साचला, ते कळत नाही. दहा मीटरपर्यंतचे बारकावे टिपणारे युरोपीय उपग्रह आहेत, पण त्यांची फेरी पाच दिवसांनी, आणि ढग आले की तीही वाया. शेवाळ मात्र दोन दिवसांत कुजते! म्हणून किनाऱ्यावरच्या लोकांनी मोबाइलवर काढलेली छायाचित्रे, ठिकाण आणि वेळेसह, आता या नोंदींना जोडली जातात.

सह्याद्रीत ढगांची अडचण त्याहून मोठी. तळीयेच्या दुर्घटनेच्या सुमारास महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा दिवशी वरून छायाचित्र मिळत नाही. ढगांतून पाहणारे रडार उपग्रह आहेत, पण दरड त्यांच्या पुढच्या फेरीची वाट पाहत नाही. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशात एक सेंटीमीटर शंभर मीटरचा होतो. मग वाडी दिसते, तिच्या डोक्यावरचा उतार दिसतो, ओढा कुठे वळतो तेही. असा नकाशा करायला कुणाला तरी डोंगर चढावा लागतो, तोही वाडीवाडीला. उतारावरची नवी भेग, अचानक गढूळ झालेला झरा, कललेली झाडे, ही लक्षणे सर्वांत आधी दिसतात ती वर गुरे नेणाऱ्याला. त्याने ती कुणाला सांगायची, आणि ऐकणाऱ्याने त्याच रात्री वाडी हलवायची की नाही, हे मात्र पावसाळ्याआधीच ठरलेले असावे लागते.