डिकसळचें स्टेशन कोणाचें?

इंदापूर तालुक्यांतील डिकसळ हें नांव आज रेल्वेच्या वेळापत्रकांत नाहीं. भिगवणजवळच्या या बंद पडलेल्या स्टेशनाची गोष्ट काढली कीं आमचे इतिहासप्रेमी मित्र नाक मुरडतात. इंग्रजांनीं आपलें सैन्य आणि आपला कापूस वाहण्यासाठीं तें बांधलें, त्यांत आपलें काय, हा त्यांचा ठरलेला सवाल!

डिसेंबर 1858 मध्यें जी. आय. पी. रेल्वेचा पुण्याहून निघालेला मार्ग डिकसळपर्यंत खुला झाला. ऑक्टोबर 1859 मध्यें तो बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत जाईतों डिकसळ हेंच शेवटचें स्टेशन होतें. बोरघाटांतून गाडी चढावयास 1863 साल उजाडलें. म्हणजे मुंबईचा उतारू खोपोलीस उतरून पालखींत बसून घाट चढत होता, तेव्हां भीमेकांठच्या या खेड्यांत इंजिनाची शिटी वाजत होती. हें इंदापूरच्या किती शाळांत सांगतात? आणि इंग्रजांनीं बांधलें म्हणजे काय? हुकूम त्यांचा, हें खरें. पण भीमेवरील पुलाचे दगड वाहणारे हात कांहीं विलायतेहून आले नव्हते.

पुढें उजनीचें धरण झालें. 1980 मध्यें तें पुरें झालें; त्याच्या पाण्यासाठीं लोहमार्ग हलला आणि डिकसळ स्टेशन गेलें. जुना पूल तेवढा राहिला. इंदापूर व करमाळा या तालुक्यांतील माणसें, दूध, ऊस त्यावरून जाऊं लागलीं, आणि त्याचें बांधकाम ढासळूं लागलें तेव्हां कोठें लोकांस त्याचें वय आठवलें.

उजनीचें पाणी ओसरलें कीं पळसनाथाचें बुडालेलें देऊळ उघडें पडतें, आणि पुण्यामुंबईचे लोक तें पाहावयास धांवतात. खुशाल धांवावें, देऊळ आहेच तसें. पण देवळास शिखर असतें, तें आपण होऊन पाण्यावर डोकें काढतें. तिकिटाची खिडकी कोणत्या बाजूस होती, बाजाराच्या दिवशीं बैलगाड्या कोठें सुटत, हें वर यावयाचें तें माणसांच्या तोंडूनच. तरुणपणीं तेथें गाडी पकडणारे आज सत्तरीपलीकडे गेले आहेत. आम्हीं अध्यापनांत इतकीं वर्षें घालविलीं, पण एकाही विद्यार्थ्यास वही देऊन त्यांच्याकडे धाडलें नाहीं. हा दोष आमचाही आहे. प्रबंधास नवा विषय उरला नाहीं, अशी तक्रार घेऊन मात्र दरवर्षीं कोणी ना कोणी आमच्या दारीं येतो. यंदा आम्हीं त्यास भिगवणच्या एस. टी. चें भाडें देणार आहों.