आमची झोप आणि ग्रुपवरचा बिबट्या

आंबेगाव तालुक्यात घोडनदीकाठी, उसाच्या मधोमध आमची वस्ती आहे. बिबट्याची भीती आम्हाला कुणी शिकवायला नको. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात तीन जीव गेले, त्यात दोन लहान मुलं. तेव्हा मंचरजवळ महामार्गावर बसलेल्या लोकांचा संताप खरा होता.

पण आमची झोप उडाली त्यात मोबाइलचा वाटा मोठा आहे. रात्री साडेदहाला गावच्या ग्रुपवर व्हिडिओ पडतो. ओसरीवरचं कुत्रं उचलून नेणारा बिबट्या, खाली ‘आत्ताचा आहे, सावध राहा’. गाव कुठलं, तारीख कुठली, पत्ता नाही. लगेच तोच भावकीच्या ग्रुपवर, बचत गटाच्या ग्रुपवर, स्टेटसला. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले बिबटेही फिरले. ते खोटे असल्याचं वनखात्याला सांगावं लागलं. तोवर सासूबाई कडी पुन्हा तपासून आलेल्या असतात आणि पोरं टक्क जागी.

रात्री पडद्याच्या उजेडाने झोप आणणारं मेलाटोनिन कमी होतं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. इथे त्याहून वाईट होतं ते भीतीने. छाती धडधडत असताना डोळा लागत नाही. मी नववीला शिकवते. या वयाला ८ ते १० तास झोप लागते. पहिल्या तासाला पेंगणाऱ्या पोरांना विचारलं, की बहुतेकांनी रात्रीचा तोच व्हिडिओ पाहिलेला असतो.

फोन बंद करून झोपा, हा सल्ला आम्हाला लागू पडत नाही. शेतीची थ्री फेज वीज रात्रीची असते त्या आठवड्यात नवरा उसाला पाणी द्यायला जातो. त्याचा फोन कधीही येईल, म्हणून मी माझा फोन उशाशीच ठेवते. म्हणजे गप्प बसायचं ते ग्रुपनेच.

ग्रामसभेत ठराव करा: इशाऱ्यांसाठी वेगळा ग्रुप हवा. तिथे वनरक्षक, पोलीस पाटील आणि सरपंच यांनीच लिहावं. फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी सोय व्हॉट्सॲपमध्ये आहेच. ठिकाण आणि वेळ असल्याशिवाय काही टाकू नये. बिबट्या खरंच वस्तीत शिरला, तर त्या वस्तीला थेट फोन करावा. बाकीचे ग्रुप रात्री बंद. आणि शेतीला दिवसा वीज द्या, ही मागणी याच ठरावात हवी. ऊसतोड सुरू झाली की बिबटे उघड्यावर येतात. ग्रामसभा त्याआधी घ्या.