पाचर मारून ठेवली!

हल्ली जो उठतो तो जुनी जिप्सी घेतो आणि तीन इंच 'लिफ्ट' करतो. मोठे टायर, चार फोटो, झालं. माझा राग त्या उंचीवर नाही. खडकाळ वाटेवर पोट घासू नये म्हणून उंची लागते, हे मलाही कळतं. राग आहे तो लिफ्टनंतर गाडी थरथरायला लागली की सर्रास विकल्या जाणाऱ्या उपायावर: "काही नाही साहेब, पाट्याखाली दोन पाचरी मारतो, डिफचं तोंड वर करतो, शाफ्ट सरळ!" आणि आपले इंजिनिअर लोक माना डोलावून पैसे मोजतात!

मुळात होतं काय बघा. ट्रान्सफर केसपासून मागच्या डिफपर्यंत प्रॉपेलर शाफ्ट जातो, दोन्ही टोकांना एकेक क्रॉस. गाडी ७५ मिलिमीटर उचलली की १ मीटर लांबीच्या शाफ्टचा कल साधारण ४ अंशांनी वाढतो. शाफ्ट ६० सेंटिमीटरचा असेल तर ७ अंशांनी.

आता क्रॉसची खोड अशी, की तो कोनात फिरताना एकसारखा वेग पुढे देत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. कोन १४ अंश असेल तर सुमारे ३ टक्के पुढे, ३ टक्के मागे. रॉबर्ट हूकच्या काळापासून, म्हणजे सतराव्या शतकापासून, ही गोष्ट माहीत आहे. म्हणूनच दुसरा क्रॉस असतो. दोन्ही कोन सारखे आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे फोर्क एका रेषेत असले, की पहिल्याची चूक दुसरा बरोब्बर उलटी करतो. थोडक्यात, ट्रान्सफर केसमधून निघणारा दांडा आणि डिफचा पिनियन एकमेकांना समांतर हवेत.

पाचर मारून तुम्ही पिनियनचं तोंड थेट शाफ्टकडे वळवलंत. खालचा कोन शून्य, वरचा जवळपास १४ चा १४. दोन चुका एकमेकींना खात होत्या, तुम्ही त्यातली एकच दुरुस्त केलीत! कोडमध्ये कोणी असं केलं तर रिव्ह्यूमध्ये आपण त्याला सोलून काढतो.

पाचर वाईट नाही हो. वरच्या टोकाला डबल कार्डन जॉइंट बसवला असेल तर पिनियन शाफ्टच्या दिशेनेच हवा, एखाद-दोन अंश खाली. कारण जोर लागला की पाटे पिळतात आणि पिनियन वर चढतो. लांब शॅकलमुळे पिनियनचा कल बिघडला असेल, तर तो परत समांतर करायलाही पाचर योग्यच. पण जॉइंट कुठला आहे ते न बघता मारलेली पाचर ही शब्दशः 'पाचर मारणं'च!

दुसरा लाडका उपाय म्हणजे ट्रान्सफर केस खाली घेणं. जिप्सीत ती गिअरबॉक्सपासून वेगळी टांगलेली असते, मध्ये एक छोटा शाफ्ट. केस खाली आली की त्या छोट्या शाफ्टचे कोन बदलले, ते कोण बघणार? आणि पुढच्या अॅक्सलला पिनियन वर करायला पाचर मारली तर कॅस्टर कमी होतो. मग हायवेला स्टिअरिंग भरकटतं.

"अहो, आमची चालते की!" चालते, कच्च्या वाटेवर ताशी २० ने. पण शाफ्ट मिनिटाला २००० फेरे घ्यायला लागला की मिनिटाला ४००० हिसके बसतात. ते क्रॉसच्या बेअरिंगवर आणि पिनियनवर. पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं तोंड चालत्या गाडीखाली रस्त्यावर पडतं. घाटात हे झालं तर काय, याचा विचार फोटो काढताना कोणी करत नाही.

मागणी साधी आहे. गाडी सपाट जागी, चारही चाकांवर उभी करा. ट्रान्सफर केसचा फ्लँज, शाफ्ट आणि पिनियनचा फ्लँज, असे तीन कोन मोजा. लिफ्टच्या आधी एकदा, नंतर एकदा. चुंबकवालं डिजिटल कोनमापक उत्तम. नसेल तर फोनमधल्या लेव्हलनेही अंदाज येतो. १० मिनिटांचं काम!

हे सहा आकडे कागदावर लिहून न देणाऱ्या गॅरेजात गाडी उचलायला देऊ नका. बास.