‘सहा महिन्यांत नर्स’ : फी भरण्याआधी नोंदणी विचारा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमध्ये विजेच्या खांबांवर, सार्वजनिक नळाशेजारच्या भिंतींवर पाट्या दिसू लागतात. ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’, ‘शंभर टक्के नोकरीची हमी’, ‘दहावी नापासांनाही प्रवेश’. आईवडील बचत गटातून कर्ज काढतात, कोणी गळ्यातले गहाण ठेवते. मुलगी पांढरा ड्रेस घालून क्लासला जाऊ लागते आणि घर सुखावते. ती शिकते आहे याचा आनंद खरा असतो. तिच्या हाती पडणारा कागद मात्र बहुतेक वेळा खरा नसतो.

महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायचे असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नावाची नोंदणी लागते. ही नोंदणी मान्यताप्राप्त शिक्षण पूर्ण करणाऱ्यांनाच मिळते. एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे. सहा महिन्यांत नर्स करणारा एकही अभ्यासक्रम या यादीत नाही. भिंतीवर लावायला फ्रेम केलेले सर्टिफिकेट कितीही सोनेरी असले, तरी सरकारी भरतीच्या टेबलावर त्याची किंमत शून्य असते.

मग या मुली जातात कुठे? छोट्या खासगी दवाखान्यांत आणि घरोघरी बारा-बारा तासांच्या ड्युटीवर माणसे पाठवणाऱ्या ब्युरोंमध्ये. सलाईन लावायचे, इंजेक्शन द्यायचे, रात्रपाळी करायची. काम नर्सचे आणि पगार आयाचा. पगाराची पावती नाही, पीएफ नाही. तपासणी येणार असे कळले की ‘आज येऊ नकोस’ असा निरोप येतो. उद्या एखाद्या रुग्णाला चुकीचे इंजेक्शन गेले, तर क्लासवाला हात झटकतो, दवाखान्याचा मालक ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ म्हणतो आणि मध्ये सापडते ती आपली मुलगी. आणि तो रुग्णही पुष्कळदा आपल्याच वस्तीतला असतो.

यात जातीचा प्रश्न आहे, तो झाकून ठेवू नये. कोणत्याही मोठ्या दवाखान्यात जाऊन पाहा. फरशी कोण पुसते, मैला कोण उचलते, शवागारात कोण राबते आणि औषधाच्या ट्रॉलीजवळ कोण उभे असते? खालच्या कामांवर आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बनावट प्रशिक्षण ही उतरंड मोडत नाही. ते फक्त साडीच्या जागी युनिफॉर्म देते.

रुग्णसेवा हलकी नव्हे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी आजारी अस्पृश्य मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि त्याच साथीत त्या गेल्या. पण सेवा करणे वेगळे आणि सेवेच्या नावाखाली स्वस्तात राबवून घेतले जाणे वेगळे. ज्ञान, अधिकार आणि नोंदणी हातात असेल तरच सेवेला सन्मान मिळतो.

यावर घराघरांतून एक उत्तर येते : “दोन-तीन वर्षे थांबायला आमच्याकडे पैसा कुठे आहे?” प्रश्न रास्त आहे. पण तोच पैसा आपण बनावट क्लासला रोख मोजतो, आणि मान्यताप्राप्त शिक्षणासाठी असलेली मदत मात्र वापरत नाही. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. त्याहून जास्त असेल तर राज्याची फ्रीशिप आहे. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर होतात. बाहेरगावी शिकायचे आणि सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर स्वाधार योजना आहे. पैसे उशिरा येतात, ही तक्रार खरी आहे आणि त्यासाठी भांडलेही पाहिजे. पण यातले काहीही बनावट क्लासला लागू होत नाही. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तरी शिष्यवृत्ती हातची जाते, हेही ध्यानात ठेवा.

कागदांची तयारी निकालाच्या दिवशी होत नाही. बौद्धांना १९९० पासून केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, पण त्यासाठी जातीचा दाखला आणि पडताळणी लागते. १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला, गावच्या जुन्या नोंदी मुलगी अकरावीत असतानाच शोधायला घ्या. त्यासाठी गावी एक खेप करावी लागली तरी करा.

आरोग्य क्षेत्र म्हणजे फक्त नर्सिंग नव्हे, आणि ते फक्त मुलींचेही नव्हे. बारावी विज्ञान झालेल्याला डी.फार्मसी आहे. दोन वर्षे शिक्षण, मग ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि फार्मसी कौन्सिलची नोंदणी. रक्त-लघवी तपासणारे, एक्स-रे काढणारे, ऑपरेशन थिएटर आणि डायलिसिस सांभाळणारे तंत्रज्ञ लागतात. एएनएम झालेली मुलगी उपकेंद्रावर आरोग्यसेविका होऊ शकते, म्हणजे आपल्याच लोकांचे लसीकरण आणि बाळंतपणाची देखभाल तिच्या हाती येते. ज्यांना लगेच कमवायचेच आहे त्यांच्यासाठी जनरल ड्युटी असिस्टंटचा थोड्या महिन्यांचा सरकारमान्य कोर्सही असतो. तो जरूर करावा, पण तो रुग्णाच्या मदतनिसाचा आहे, नर्सचा नाही, हे जाणून करावा.

फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. परीक्षा कोणते मंडळ किंवा विद्यापीठ घेते? कोर्स झाल्यावर नाव कोणत्या परिषदेकडे नोंदले जाईल? मुलांना रुग्णांवर प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकवले जाते? उत्तरे तोंडी घेऊ नका. मान्यतेचे पत्र मागा आणि संस्थेचे नाव परिषदेच्या यादीत आहे का, हे स्वतः पाहा. ‘दिल्लीची मान्यता आहे’, ‘आयएसओ आहे’ एवढ्यावर भुलू नका. आयएसओ म्हणजे शिक्षणाची मान्यता नव्हे.

शेवटची विनंती विहार समित्यांना आणि जयंती मंडळांना. दर रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास महाडीबीटीचे अर्ज भरून द्यायला बसा. वस्तीत नोकरीला असलेली एखादी नर्स, एखादा लॅब टेक्निशियन असेल, त्यांना बोलवा. आणि १४ एप्रिलच्या डीजेवर जो खर्च होतो, त्यातला निम्मा बाजूला काढा. शिष्यवृत्ती येईपर्यंत एका मुलीचे पुस्तक, युनिफॉर्म आणि बसभाडे त्यातून नक्की निघेल. तीन वर्षांनी ती परिषदेचा नोंदणी क्रमांक घेऊन वस्तीत येईल, तेव्हा कोणत्याही दवाखान्याला तिला ‘उद्या येऊ नकोस’ म्हणताना विचार करावा लागेल.

जय भीम!