हमी कोणाची आणि कशाची?

अमेरिकेत भांडवल गुंतवा आणि सहकुटुंब कायम वास्तव्याचा परवाना मिळवा, अशी निमंत्रणे हल्ली आमच्या समाजातील सुस्थित घरांपर्यंत येऊ लागली आहेत. परदेशगमनास आमचा विरोध नाही; समुद्र ओलांडण्याचा वाद आमच्या आजोबांच्या पिढीतच निकालात निघाला. आमचा आक्षेप आहे तो ह्या निमंत्रणांतील ‘हमी’ ह्या एका शब्दास.

ईबी-५ ही योजना १९९० च्या अमेरिकी कायद्यातील. २०२२ च्या दुरुस्तीने तिची किमान रक्कम ग्रामीण वा बेकारीग्रस्त भागासाठी ८ लाख डॉलर ठरविली. त्या पैशातून दहा पूर्णवेळ नोकऱ्या उभ्या राहिल्या पाहिजेत, आणि पहिला परवाना दोनच वर्षांचा, तोही सशर्त. इतके दलाल सांगतो. परंतु रक्कम खरोखरीच जोखमीत असली पाहिजे, ही कायद्याचीच अट तो सांगत नाही. ज्या उद्योगात पैसा घातला त्यानेच तो परत करण्याची हमी दिली, तर ते कर्ज ठरते आणि तेवढ्यावरून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. म्हणजे हमी देणारा एक तर खोटे बोलतो, नाहीतर हमी देऊन अशिलाचा अर्ज बुडवितो!

जोखीम ही केवळ कागदावरची, असेही कोणी समजू नये. व्हर्मांट राज्यातील जे पीक येथील प्रकल्पात अशाच गुंतवणूकदारांच्या २० कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा गैरवापर झाल्याचा आरोप २०१६ साली झाला. २०२२ साली प्रवर्तक तुरुंगात गेले. कॅनडाच्या योजनेत पैसा सरकारपाशी बिनव्याजी राहून पाच वर्षांनी परत मिळत असे. तेथे २०१४ साली योजनाच गुंडाळली गेली आणि हजारो प्रलंबित अर्ज एका कायद्याने रद्द झाले. शुल्क परत मिळाले. ताटकळण्यात गेलेली वर्षे कोण देणार?

शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे एका व्यक्तीस आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठविता येतात. एकट्याने ८ लाख धाडावयाचे तर चार आर्थिक वर्षे लागतील. यास्तव वडील, पत्नी, भाऊ ह्यांच्या नावे पैसा जातो. एकाच्या अर्जात अख्खे घर अडकते. गोव्यातील वाचक जाणतातच, की पोफळीचे कुळागर विकावयाचे तर पत्नीची सही लागते. ती सही मिळविण्यासाठीच ‘हमी’ हा शब्द घरात उच्चारला जातो. आमचे सांगणे इतकेच, की सहीपूर्वी करारातील परतफेडीचे कलम तिला मराठीत वा कोंकणीत वाचून दाखवावे. दलाल कां-कूं करील, तर तिने लेखणी खाली ठेवावी.